रोमन तलवारीचं म्यान घरी करताना: पोम्पेई पद्धतीच्या म्यानाची पहिली प्रतिकृती

संग्रहालयातल्या रोमन म्यानाचा फोटो पाहिला की डोळ्यांत भरतो तो धातू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘टायबेरियसची तलवार’ (टायबेरियस हा रोमन सम्राट) म्हणून ठेवलेली एक तलवार आहे. ती १८४८ साली जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या माइन्झ गावी सापडली. तिच्या म्यानावरचे मुलामा दिलेले पत्रे, सम्राटाचं चित्र आणि ‘टायबेरियसचं सौभाग्य’ असं कोरलेली ढाल पाहून वाटतं की म्यान म्हणजे हे पत्रेच. खरं तर ते उरलेले अवयव आहेत. लाकूड आणि कातडं दोन हजार वर्षांत मातीत विरून गेलं आणि त्यावर ठोकलेलं पितळ-कांसं तेवढं हाती लागलं.

नवखा माणूस इथेच फसतो. तो पितळी पत्र्यापासून सुरुवात करतो, महिनाभर नक्षी करतो आणि आतल्या लाकडाचं काम एका संध्याकाळी उरकतो. मग तलवार आत जात नाही, गेली तर खडखडते, आणि पावसाळ्यात अडकून बसते. माझं पहिलं म्यान असंच जुलैत अडकलं होतं. ते फोडल्याशिवाय पातं बाहेर आलं नाही. म्हणून या लेखात मी लाकडावर जास्त थांबणार आहे आणि पितळ मुद्दाम साधं ठेवणार आहे. आतलं घर नीट जमलं तर साधा पत्राही शोभतो.

लाकूड आणि कातड्याचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. मृत समुद्राजवळच्या एन गेदी भागातल्या एका गुहेत चार रोमन तलवारी सापडल्या आणि २०२३ साली ती बातमी जाहीर झाली. वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे त्यांतल्या तीन तलवारींची पाती अजून लाकडी म्यानातच होती, कातड्याचे तुकडेही टिकले होते. त्या तीन लांब पात्याच्या, ‘स्पाथा’ प्रकारच्या होत्या. आपण आखूड ‘ग्लॅडियस’चं म्यान करणार आहोत, पण बांधणीचं मूळ तेच: दोन पातळ लाकडी फळ्या, वर कातडं, तोंडाशी आणि टोकाशी धातू.

ही बांधणी आपल्याला परकी नाही. मराठा तलवारींची म्यानंही दोन लाकडी चिपांवर कातडं किंवा मखमल चढवूनच करत. म्यानाच्या तोंडावरच्या धातूच्या भागाला आपल्याकडे मोहनाळ म्हणतात आणि टोकाच्या टोपणाला तहनाळ. हेच शब्द मी पुढे वापरतो, कारण रोमन म्यानाच्या त्या दोन भागांना याहून नेमका मराठी शब्द मला माहीत नाही.

कोणतं म्यान करायचं?

ग्लॅडियसचे ढोबळमानाने दोन प्रकार नवख्याने लक्षात ठेवावेत. माइन्झ पद्धतीचं पातं रुंद, कमरेशी किंचित निमुळतं आणि लांब टोकाचं असतं. त्याच्या म्यानाला दोन्ही कडांनी वरपासून खालपर्यंत धातूची पन्हळ असते. पोम्पेई पद्धतीचं पातं सरळ, दोन्ही धारा समांतर आणि टोक आखूड त्रिकोणी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाने पोम्पेई आणि हर्क्युलेनियम ही शहरं गाडली गेली, तेव्हा सैन्यात हाच प्रकार रुळलेला होता. हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका सैनिकाचा सांगाडा मिळाला, त्याच्याजवळ कमरपट्टा होता आणि म्यानातली तलवार होती.

पहिल्या खेपेला पोम्पेईच घ्या. कडा समांतर म्हणजे पात्याचं घर कोरायला सोपं, आणि पन्हळ फक्त टोकाशी लागते. माइन्झ पद्धतीत वळणदार कडेला ५० सेंमी पन्हळ बसवणं हे दुसऱ्या-तिसऱ्या म्यानाचं काम आहे.

आधी पातं

म्यान पात्याच्या मापानं होतं, उलट कधीच नाही. तुमच्याकडे बोथट प्रतिकृती असेल तर तीच टेबलावर ठेवा आणि माझी मापं त्यानुसार बदला. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून ५० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी आणा. पात्याची लांबी ४८ सेंमी धरा. त्यातले शेवटचे ८ सेंमी दोन्ही बाजूंनी तिरके कापून टोक करा, आणि मुठीच्या आत जाणारा शेपटा १५-१६ सेंमी वेगळा सोडा. कडा कानशीने गोल करा, टोकही गोल करा. धार लावू नका. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, घरात मुलं असतात, आणि म्यानाच्या कामासाठी धारेची गरज कुठेच पडत नाही. रोमन शिकाऊ सैनिकसुद्धा लाकडी तलवारीवरच सराव करत.

मूठ लाकडाची करा आणि तिचा तळ, म्हणजे जो म्यानाच्या तोंडावर टेकतो तो भाग, अगदी सपाट घासा. पुढे सगळं माप याच टेकणीवरून घ्यायचं आहे.

लाकूड

हलकं, सरळ रेषेचं, कमी हलणारं लाकूड हवं. रोमन लोक त्यांच्याकडची मऊ लाकडं वापरत. आपल्याकडे मला सर्वांत चांगलं जमलं ते शिवण झाडाचं लाकूड. ते वजनाला हलकं आहे, पटाशीला गोड लागतं आणि वाळल्यावर फारसं वाकत नाही. शिवण मिळालं नाही तर जुन्या देवदाराच्या पेटीची गाठ नसलेली फळी चालेल. सागाचा मोह टाळा: त्यात तेल असतं आणि डिंक नीट धरत नाही. बाभूळही नको; कठीण तर आहेच, शिवाय त्यातला तुरट अंश लोखंडी पात्याला गंज आणतो. याच कारणाने म्यानाच्या आतून कातड्याचं अस्तर लावू नये. आत फक्त कोरडं, उघडं लाकूड.

सुताराकडून ५५ सेंमी लांब, ७ सेंमी रुंद आणि ६ मिमी जाड अशा दोन फळ्या रंधा मारून घ्या. एकाच तुकड्यातून चिरून घेतल्या तर उत्तम, म्हणजे दोन्ही सारख्याच फुगतात आणि सारख्याच आकसतात. घरी आणल्यावर किमान दोन आठवडे खोलीतल्या हवेत उभ्या ठेवा. हे काम मी साधारण फेब्रुवारी ते मे या काळात सुरू करत नाही. उन्हाळ्यात कडकडीत वाळलेल्या लाकडात घट्ट घर कोरलं की पावसाळ्यात ते आकुंचन पावल्यासारखं पात्याला धरतं. माझं पहिलं म्यान एप्रिलचं होतं. ऑक्टोबरनंतरचं लाकूड मध्यम ओलाव्याचं असतं, तेव्हा घेतलेलं माप वर्षभर टिकतं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर घर प्रत्येक बाजूला अर्धा मिमी जास्त सैल ठेवा.

पात्याचं घर कोरणं

दोन्ही फळ्यांवर मधोमध उभी रेषा आखा. पात्याची मधली रेषा तिच्यावर ठेवा, मुठीचा तळ फळीच्या वरच्या कडेला टेकवा आणि पात्याची बाह्यरेषा पेन्सिलने काढा. शिसाच्या जाडीमुळे साधारण पाऊण मिमी जागा आपोआप सुटते, तेवढीच हवी. टोकाशी मात्र १ सेंमी जास्त लांब कोरायचं. पात्याचं टोक आत कशालाही टेकता कामा नये, नाहीतर रोजच्या आपटण्याने म्यान तळातून फुटतं. शिवाय आत शिरलेली धूळ-भुसा तिथे साठायला जागा राहते.

आता प्रत्येक फळीत पावणेतीन मिमी खोल उतरायचं आहे. दोन्ही मिळून साडेपाच मिमी, म्हणजे ५ मिमीच्या पात्याला पुरेशी मोकळीक. खाली सव्वातीन मिमी भिंत उरते. तुमचं पातं मधे जाड आणि कडेला पातळ असेल तर घरही तसंच उथळ होत जाणारं कोरा.

क्रम असा ठेवा. आधी बाह्यरेषेवर धारदार कटरने पट्टी लावून दोन-तीन वेळा खोल चीर पाडा, म्हणजे पटाशी रेषेबाहेर घसरली तरी चिपी तिथेच तुटेल. मग १२ मिमीच्या पटाशीने आडव्या दिशेने थोडं-थोडं लाकूड उचला. उभ्या रेषांच्या दिशेने एकदम जोर लावला तर पटाशी लाकडात शिरत जाते आणि भिंतीला भोक पडतं. खोली मोजायला एक साधं साधन करा: लाकडाच्या सरळ पट्टीत एक खिळा असा ठोका की त्याचं टोक खालून बरोबर पावणेतीन मिमी बाहेर राहील. पट्टी फळीच्या दोन्ही काठांवर टेकवून सरकवली की खिळा जिथे अडतो तिथे अजून उतरायचं आहे.

शेवटचा अर्धा मिमी पटाशीने काढू नका. काचेचा सरळ तुटलेला तुकडा किंवा जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा घेऊन खरवडा. हातमोजे घाला. शेवटी पॉलिशपेपर, पण हलक्या हाताने.

आणि आता काजळ. हा टप्पा कुणीही वगळू नये. पात्यावर दोन्ही बाजूंनी काजळाचा किंवा दिव्याच्या काळ्याचा अगदी पातळ हात फिरवा. दोन्ही फळ्या पात्याभोवती जुळवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळा. पातं चार-पाच वेळा आत-बाहेर करा, मग सोडून बघा. जिथे काळा डाग पडला तिथे पातं घासतंय. तेवढाच डाग खरवडा, पुन्हा काजळ, पुन्हा जुळवणी. मला सात-आठ फेऱ्या लागतात. एक वेळ येते जेव्हा पातं आत जाताना फक्त हवेचा हलका सुस्कारा ऐकू येतो आणि हाताला कुठेच अडथळा जाणवत नाही. तिथे थांबायचं. पकड येण्यासाठी तोंडाजवळच्या २ सेंमी भागात मात्र घर किंचित घट्ट राहू द्या; म्यान उलटं धरलं तर तलवार आपोआप पडू नये, पण अंगठ्याच्या एका दाबाने सुटावी.

पटाशीची सवय अजिबात नसेल तर एक वाट आहे. ३ मिमीच्या दोन फळ्या घ्या आणि त्यांच्या मधे पात्याच्या आकाराने कापलेली साडेपाच मिमी जाडीची चौकट बसवा. रोमन पद्धत ही नाही, पण कातडं चढल्यावर बाहेरून फरक दिसत नाही आणि नवख्याचं म्यान पुरं होतं. काजळाची चाचणी इथेही करायचीच.

चिकटवणं आणि बाहेरचा आकार

जुन्या पद्धतीचा सरस, म्हणजे कातड्या-हाडांचा डिंक, रात्रभर भिजवून गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून वापरता येतो. काम करायला तो सुंदर आहे. पण पाणी लागलं की सुटतो, आणि पुढे आपण ओलसर कातडं चढवणार आहोत. त्यामुळे पहिल्या म्यानाला पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल वापरा. इथे मी जुनेपणाचा हट्ट धरत नाही.

डिंक फक्त बाहेरच्या काठावर लावा, घराच्या कडेपासून दोन मिमी दूर. दाबल्यावर तो आत सरकतोच. पातं मेणकागदात गुंडाळून आत ठेवा, फळ्या जुळवा, ट्यूबने खालपासून वरपर्यंत बांधा आणि दहा मिनिटांनी पातं बाहेर ओढा. आत डिंकाचे ओघळ असतील तर लांब पट्टीला कापड गुंडाळून तेव्हाच पुसून घ्या. वाळल्यावर तिथे हात पोचणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरचा आकार काढा. घर साडेएक्कावन मिमी रुंद आहे, दोन्ही बाजूंना सहा-सहा मिमी लाकूड ठेवलं की म्यानाची रुंदी साधारण ६३-६४ मिमी होते. लांबी ५० सेंमी, टोकाला पात्यासारखाच त्रिकोण. आता रंधा आणि कानशीने कडा उतरवा: मधे १२ मिमी जाडी, कडेला ५ मिमी. आडवा छेद जवसाच्या दाण्यासारखा दिसला पाहिजे. चौकोनी कडेचं म्यान कातड्याखाली खोक्यासारखं दिसतं, आणि नवख्या कामाची ती पहिली खूण असते. शेवटी हाताने डोळे मिटून चाचपा; बोटांना जे उंचवटे लागतात ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कातडं

बकऱ्याचं, साधारण १ मिमी जाड, सालींनी कमावलेलं कातडं घ्या. कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, त्याच जातीचं पण पातळ. बाजारात मिळणारं पर्स-जॅकेटचं बहुतेक कातडं क्रोमने कमावलेलं असतं. ते ओलं करून आकाराला बसत नाही आणि कापलेली कड निळसर-राखाडी दिसते. दुकानदाराला विचारण्यापेक्षा कड बघा: आतपर्यंत तपकिरी-बदामी असेल तर ते सालीचं. रोमन लोकही वनस्पतींच्या तुरट द्रव्यांनीच कातडं कमावत, म्हणून इथे तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी म्यानाभोवती वर्तमानपत्र गुंडाळून कागदी बेतणी काढा. शिवण मागच्या बाजूला, मधोमध येईल. कातडं बेतताना दोन कडा एकमेकींपासून ४-५ मिमी दूर राहतील इतकं अपुरं कापा, कारण ओलं कातडं ताणलं जातं आणि वाळताना आवळतं. बरोबर मापाचं कापलं तर ते सैल राहून सुरकुत्या पडतात.

रंग हवा असेल तर तो आत्ताच, शिवण्याआधी. मला काळा आवडतो आणि तो घरी होतो: लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये आठवडाभर झाकण सैल ठेवून भिजवा, गाळा, आणि बोळ्याने कातड्यावर फिरवा. सालीच्या तुरट अंशाशी लोखंडाचा संयोग होऊन कातडं डोळ्यांदेखत काळं पडतं. नंतर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पुसून घ्या, नाहीतर उरलेलं आम्ल पुढे पितळावर हिरवा थर आणतं. तसाच बदामी ठेवून तेलाचा हात दिला तरी छान दिसतो.

शिवताना दोन्ही कडांना आरीने ४-४ मिमीवर समोरासमोर भोकं पाडा. कातडं ओल्या कापडाने पुसून ओलसर करा, पाण्यात बुडवू नका. म्यानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पातं घालून ठेवा, म्हणजे कातडं आवळताना लाकूड वाकणार नाही. मग मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, चांभार शिवतात तशी दुहेरी शिवण तोंडापासून टोकाकडे न्या. दर दोन टाक्यांनी ओढून घ्या. टोकाशी जादा कातडं रापीने पातळ करून मागे मुडपा. ते तहनाळेखाली झाकलं जाईल. तोंडाशी ५ मिमी कातडं आत वळवण्याचा मोह होतो, पण वळवू नका, घर अरुंद होतं. तोंडाबरोबर सपाट कापा.

शिवण झाली की गोल काठीने म्यानाच्या कडा दाबून घ्या आणि दोन दिवस सावलीत वाळवा. उन्हात कधीही नाही.

पितळ

अर्धा मिमीचा पितळी पत्रा पुरे. रोमन म्यानांवर पितळ खूप दिसतं, त्यामुळे ते वापरण्यात काही खोटं नाही. पत्रा आणताना कडक असतो. तो भाजून मऊ करावा लागतो. गच्चीत किंवा अंगणात, अंधूक उजेडात, गॅसच्या टॉर्चने सगळीकडे सारखी आच द्या. मंद लालसर झाक दिसली की लगेच थांबा, जास्त तापवलं तर पितळातलं जस्त उडायला लागतं आणि तो धूर छातीला वाईट. गार झाल्यावर काळा थर चिंचेच्या पाण्यात तासभर ठेवून काढा, जशी आपल्या घरातली पितळेची भांडी निघतात तशी. पुण्याच्या तांबट आळीत कधी गेलात तर तिथले कारागीर भांडं घडवताना मधेमधे पुन्हा आच का देतात ते पाहा. ठोकून पत्रा कडक होतो, भाजून पुन्हा नरम येतो. तुम्हालाही वाकवताना पत्रा हट्ट करायला लागला की हेच करायचं आहे.

मोहनाळ म्हणजे म्यानाच्या पुढच्या तोंडावरचा पत्रा, ११ सेंमी उंच आणि म्यानाच्या दर्शनी रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना ५ मिमी जास्त. ते जास्तीचे काठ लाकडी ठोकणीने कडेवरून मागे वळवा. वरच्या टोकाला ६ मिमी रुंदीची पट्टी तोंडाभोवती पूर्ण फिरवा. खऱ्या पोम्पेई म्यानांच्या मोहनाळेवर युद्धदेव मार्स, विजयदेवता, पंखासारखी पसरलेली पानं अशी चित्रं कोरलेली किंवा जाळीदार कापलेली असतात. पहिल्या वेळी दोन समांतर रेषांची चौकट आणि खाली एक पान, एवढंच करा. रेषा कोरण्यापेक्षा बोथट पोलादी टोच्याने, खाली रबराची चटई ठेवून दाबून काढा. हात घसरला तर पत्रा फाटत नाही.

यानंतर दोन आडवे पट्टे, १२ मिमी रुंद, म्यानाभोवती पूर्ण फिरणारे. एक तोंडापासून ३ सेंमीवर, दुसरा मोहनाळेच्या खालच्या कडेशी. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचा छोटा फासा करून त्यात २ सेंमी व्यासाची कडी अडकवा. अशा चार कड्या होतात आणि या चार कड्या हीच रोमन म्यानाची ओळख. कड्या ३ मिमी जाडीच्या पितळी तारेच्या करा: तार गोल सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळा आणि एका बाजूने करवतीने उभी कापा, एकदम पाच-सहा निघतात. तोंडं जुळवून डाग (सोल्डर) द्या.

तहनाळेसाठी १६ मिमी रुंद पट्टी घ्या. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत कातड्यासकट म्यानाच्या कडेएवढी, साधारण ७ मिमीची, खाच ठेवून पट्टी तिच्यात पोलादी पट्टीने ठोका, म्हणजे पन्हळ तयार होते. टोकाशी जिथे पन्हळ वळते तिथे दोन्ही बाजूंच्या भिंतींना त्रिकोणी खाच कापा आणि मग वाकवा, नाहीतर पत्रा तिथे चुरगळतो. दोन्ही तिरक्या कडांवरून ही पन्हळ १० सेंमी वर चढवा, वरच्या टोकांना एक आडवी पट्टी जोडा. अगदी खाली गोल घुंडी हवीच. लेथवर करून घेता येईल. मी कपाटाच्या दाराची छोटी पितळी घुंडी घेऊन तिचा मागचा स्क्रू लाकडात बसवला.

कल्हईचं काय? पुष्कळ रोमन म्यानांच्या पत्र्यांवर कथलाचा पांढरा थर दिलेला आढळतो, काही भाग पिवळा ठेवून काही पांढरा. ही आपली कल्हईच: तापलेलं पितळ, नवसागर, कथील, कापसाचा बोळा. नवसागराचा धूर घरात करू नका. गल्लीत येणारा कल्हईवाला मिळाला तर पत्रे त्याच्याकडे द्या, दोन मिनिटांत करून देईल. पण क्रम लक्षात ठेवा: कथील २३२ अंशांना वितळतं आणि साध्या मऊ डागाचं मिश्रण त्याच्याही आधी. आधी डाग देऊन मग कल्हईला पाठवलं तर कड्या सुटून हातात येतील. कल्हई आधी, डाग नंतर.

बसवणी

आता एकच काळजी, पण मोठी. पत्रे बसवायला बारीक पितळी खिळे वापरायचे ते फक्त कडेच्या सहा मिमी पट्ट्यात, जिथे आत भरीव लाकूड आहे. मधल्या भागात भिंत जेमतेम सव्वातीन मिमी; तिथे ठोकलेला खिळा पात्याच्या घरात निघतो आणि पहिल्याच वेळी पात्यावर उभा ओरखडा काढतो. खिळे ६-७ मिमीचे, त्याआधी बारीक ड्रिलने भोक, आणि ड्रिलला टेप लावून खोली बांधून घ्या. कडेला सरळ नाही तर किंचित बाहेरच्या बाजूला तिरका खिळा मारा. मधला पत्रा चिकटपट्टीने किंवा एपॉक्सीने धरला तर पुरतो. प्रत्येक खिळ्यानंतर पातं आत घालून बघा. सगळे खिळे मारून झाल्यावर बघितलंत तर कोणता खिळा निघाला ते शोधत बसाल.

बसवण्याचा क्रम: तहनाळ, मोहनाळ, मग पट्टे. पट्टे मोहनाळेवरून जातात आणि मागे त्यांची टोकं एकमेकांवर घेऊन रिव्हेट होतात. रिव्हेट मागच्या बाजूला, कडेजवळच घ्या, शिवणीवर नको.

कमरेला अडकवणं

सम्राट ट्रेजनचा स्तंभ रोममध्ये इसवी सन ११३ पासून उभा आहे. त्याच्यावरच्या सैनिकांकडे नीट पाहिलं तर तलवार उजव्या बाजूला लटकलेली दिसते. पातं आखूड, डाव्या हातात मोठी ढाल, अशा वेळी उजव्या हाताने उजवीकडचीच तलवार सरळ वर उपसणं सोयीचं. सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचे अधिकारी, मात्र ती डावीकडे लावत. तुमचं म्यान साध्या सैनिकाचं असेल तर खांद्यावरून तिरका येणारा दोन-अडीच सेंमी रुंदीचा कातडी पट्टा घ्या, त्याची दोन टोकं वरच्या दोन कड्यांना छोट्या वाद्यांनी बांधा आणि कमरपट्टा वरून आवळा, म्हणजे चालताना म्यान मांडीवर आपटत नाही. तोंड बेंबीच्या थोडं वर येईल अशी उंची ठेवा. फार वर लटकलं तर उपसताना पातं पूर्ण बाहेर येत नाही. हे आरशासमोर करून पाहा आणि मगच पट्ट्याला शेवटचं भोक पाडा.

पावसाळ्यात पातं म्यानातून काढून कापडात गुंडाळून वेगळं ठेवा, आणि म्यान आडवं, हवेशीर, भिंतीला न टेकता. कातड्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले तर कोरड्या कापडाने पुसून थोडं मेण चोळा. दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा काजळ लावून पातं आत घाला. कुठे डाग पडलाच तर लांब पट्टीला पॉलिशपेपर चिकटवून तेवढी जागा घासा.